मखतेशच्या पोटात दोन रात्री



जून २०२५ मधल्या त्या बारा दिवसांनंतर ओळखीपाळखीच्या कितीतरी लोकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे जनरेटर आहे ना? कुठला घ्यावा हो?" कोणी सिनेगॉगच्या दारात विचारलं, कोणी लग्नात जेवताना, कोणी फोनवर. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून दमलो. म्हटलं, एकदाच लिहून काढू. पण नुसतं यंत्राबद्दल लिहिलं तर कोण वाचणार? म्हणून आमच्या मखतेश रामोनच्या सहलीची हकीकतच सांगतो. जनरेटरबद्दल आम्ही जे शिकलो त्यातला मोठा भाग तिथेच शिकलो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. १९७२ साली मुंबईहून आलो आणि बेर शेवाला जे राहिलो ते राहिलोच. दोघांचंही शिक्षण मराठी शाळेत. इथे आल्यावर एकीने चौतीस वर्षे दवाखान्यात नर्सची नोकरी केली, दुसऱ्याने एकतीस वर्षे बस चालवली. बस चाळीस नंबरच्या रस्त्याने, बेर शेवाहून मित्सपे रामोन आणि पुढे एलात. तो रस्ता मित्सपेपासून नागमोडी वळणे घेत मखतेशमध्ये उतरतो आणि मखतेश ओलांडून पलीकडे जातो. आमचे हे नेहमी म्हणायचे, "हजार वेळा त्या खड्ड्यातून बस नेली, पण एक रात्र तिथे झोपलो नाही." नोकरीत असताना वेळ नव्हता. निवृत्त झाल्यावर दुखणी मागे लागली.

त्यातलं मोठं दुखणं झोपेतलं. रात्री श्वास मधेच थांबतो म्हणून गेली नऊ वर्षे त्यांना तोंडावर मास्क लावून, हवा दाबाने सोडणारं यंत्र चालू ठेवून झोपावं लागतं. यंत्र उशीएवढं, पण वीज पाहिजे. वीज नाही तर झोप नाही, आणि नुसतीच झोपेची गोष्ट नाही, हृदयावर ताण येतो. म्हणून मखतेशचा विषय निघाला की आम्ही तो बाजूला सारायचो.

२०२४ च्या शेवटी आमचा नातू म्हणाला, "सबा, मार्चमध्ये मी सैन्यात जाणार. हनुक्काच्या सुट्टीत आपण सगळे मखतेशमध्ये राहू या." यावर नाही म्हणणं आम्हाला जमलं नाही.

जनरेटर आमच्याकडे होता. पण तो दुसरा. पहिल्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण चूक तिथे झाली.

डिसेंबर २०१३ मध्ये यरुशलेमला मोठं बर्फ पडलं, आठवत असेल. तारा तुटल्या, हजारो घरांत अंधार. आमची मुलगी तिथे दोन लहान मुलं घेऊन दोन दिवस थंडीत बसली. त्या धास्तीने आम्ही पुढच्याच आठवड्यात दुकानात गेलो आणि जो सगळ्यात मोठा आणि त्या मानाने स्वस्त दिसला तो जनरेटर उचलला. पाच हजार वॅट, उघड्या लोखंडी सांगाड्याचा, वजन ऐंशी किलोच्या वर. दुकानदार म्हणाला, यावर अख्खं घर चालेल. आम्हाला तेवढंच ऐकायचं होतं.

एकदा सुक्कोथमध्ये तो किन्नेरेतच्या काठी नेला. गाडीतून उतरवायला मुलगा, जावई आणि शेजारच्या तंबूतला एक धिप्पाड गृहस्थ असे तिघे लागले. सुरू केल्यावर इतका आवाज, की ज्यांनी उतरवायला मदत केली त्याच गृहस्थांनी अर्ध्या तासात येऊन हात जोडले. नंतर कळलं की तसल्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारतच राहतं, मग तुम्ही एक दिवा लावा की दहा. फेरे कमी झाले तर वीज बिघडते. म्हणजे एका दिव्यासाठीही मोठा आवाज, आणि पेट्रोलही गरजेपेक्षा बरंच जास्त.

तेव्हापासून तो मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत पडला. त्याच्यावर जुन्या खुर्च्या आल्या, मग रंगाचे डबे आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये लढाई सुरू झाली, वीज जाऊ शकते, तयारीत राहा असं सगळीकडे सांगू लागले, तेव्हा खुर्च्या बाजूला करून आम्ही दोरी ओढली. काही नाही. मुलाने ओढली. नातवाने ओढली. शेवटी औद्योगिक भागातल्या मेकॅनिककडे नेला. त्याने कार्बुरेटर उघडून दाखवला. टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल आटून आत मधासारखा चिकट थर बसला होता आणि पेट्रोल जाण्याचं सुईच्या टोकाएवढं भोक बुजलं होतं. नर्सच्या डोळ्याला ते लगेच ओळखीचं वाटलं. सलाईनची सुई वेळेवर धुतली नाही तर रक्त गोठून अशीच बंद होते.

लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. दवाखान्यात आमच्या वॉर्डात तातडीच्या औषधांची गाडी असायची. हृदय बंद पडलेल्या माणसासाठी. महिनामहिना तिची गरज पडायची नाही. तरी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ती उघडून एकेक वस्तू मोजायची, ऑक्सिजनचा सिलिंडर भरला आहे का बघायचा, यंत्र लावून बघायचं, आणि वहीत सही करायची. चौतीस वर्षे हे केलं. आणि घरात जे यंत्र नवऱ्याच्या श्वासासाठी ठेवलं त्याकडे दहा वर्षांत धड बघितलं नाही!

त्याहून जुनी आठवण म्हणजे गावची. अलिबाग तालुक्यात आजोळी वीज नव्हती. आजी रोज संध्याकाळी, उजेड असतानाच, कंदिलाची काच राखेने पुसायची, वात कात्रीने सरळ करायची, रॉकेल बघायची. काच फुटकी नाही, वात काजळलेली नाही. कधी मध्यरात्री कोणाला विंचू चावला, कोणाच्या पोटात दुखायला लागलं, तर एका काडीत कंदील लागायचा. आपल्या लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे. पिढ्यान् पिढ्या घाण्यावर तेल गाळून लोकांच्या घरी दिवे लावणारी आपली माणसं. दिवा लावण्याआधी दिवा सांभाळावा लागतो हे आपल्याला काय कोणी शिकवायला पाहिजे? पण विसरलो होतो.

असो. मेकॅनिकने तो जुना जनरेटर दुरुस्त करून स्वतःच ठेवून घेतला आणि आम्हाला एक चांगला प्रश्न विचारला, "तुम्हाला चालवायचं काय आहे?" दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न दुकानात कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही स्वतःला विचारला नव्हता.

वाचकहो, जनरेटर घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक उपकरणाच्या मागे वॅट लिहिलेले असतात. आमचा हिशोब असा झाला. श्वासाचं यंत्र, पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर, ३० ते ५० वॅट. तो भाग चालू ठेवला तर दुप्पट. फ्रिज चालताना सुमारे १५० वॅट, पण सुरू होतानाचा धक्का त्याच्या तिप्पट, कधी जास्त. दोन-चार दिवे, फोन, इंटरनेटचा डबा, सगळे मिळून १००. कोणाकडे घरी ऑक्सिजन तयार करणारं मोठं यंत्र असेल तर त्याचे साडेतीनशेच्या आसपास धरा. हे सगळं एक हजाराच्या आत बसतं. बेरीज बिघडवतात ती गरम करणारी उपकरणं. किटली, हीटर, ओव्हन, एकेकाला दीड-दोन हजार. ती वगळली तर लहान जनरेटर पुरतो. चहाला गॅस आहे की.

म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही लहान घेतला. इन्व्हर्टर जातीचा, वजन एकवीस किलो, सलग सोळाशे वॅट देणारा. या जातीत इंजिन गरजेपुरतंच पळतं. भार कमी तर आवाज कमी, पेट्रोल कमी. वीजही स्वच्छ निघते, नाजूक यंत्रांना चालते. घेताना एक बघा, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा क्षणभराचा असतो. सतत किती देतो तो आकडा लहान अक्षरात असतो, आणि खरा तोच. उंचावर हवा विरळ म्हणून ताकद घटते, दर ३०० मीटरला साडेतीन टक्के धरा. मित्सपे रामोन सुमारे ८५० मीटरवर आहे, म्हणजे तिथे दहावा हिस्सा गेला.

दुसरी गोष्ट, तळावर फोन करून विचारा. राखीव निसर्गक्षेत्रात पुष्कळ ठिकाणी जनरेटर नकोच म्हणतात, आणि प्रत्येक तळाचे नियम वेगळे. आम्हाला सांगितलं, दिवसा, गाड्या उभ्या करतात तिथे, तंबूंपासून दूर चालवा. अंधार पडल्यावर बंद. म्हणजे नेमकी रात्रीची वीज नाही! तेव्हा मुलाने तोड काढली. पाचशे वॅट-तासांची एक बॅटरी घेतली, चपलेच्या दोन खोक्यांएवढी. दिवसा जनरेटरने ती भरायची, रात्री तिच्यावर यंत्र चालवायचं. चाळीस वॅट गुणिले आठ तास, तीनशेवीस. पुरून उरतात. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी पाण्याचा भाग दोन रात्री बंद ठेवायला हरकत नाही म्हटलं. नाक कोरडं पडू नये म्हणून मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. आणि घरीच एक रात्र भिंतीतला प्लग काढून, बॅटरीवर झोपून बघितलं. वाळवंटात पहिल्यांदा प्रयोग करायचा नसतो.

२९ डिसेंबर २०२४, रविवार. दोन गाड्या, नऊ माणसं. डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, नातवंडांसाठी सुफगानियोत आणि आमच्यासाठी गुलाबजाम. बेर शेवा ते मित्सपे सुमारे ८५ किलोमीटर. वाटेत स्दे बोकेरला बेन गुरियन आणि पोला यांच्या कबरींपाशी थांबलो. समोर त्सिनचा खोल दरा. पुढे अवदातची नबाती लोकांनी वसवलेली जुनी नगरी टेकडीवर दिसली. अरबस्तानातून धूप आणि सुगंधी राळ उंटांवर लादून हे लोक याच वाटेने गाझ्याच्या बंदराला न्यायचे. २००५ मध्ये ती वाट आणि तिच्यावरची शहरं युनेस्कोच्या यादीत गेली.

मित्सपेच्या काठावर उभं राहिलं की छातीत धस्स होतं. चाळीस किलोमीटर लांब आणि ठिकठिकाणी पाचशे मीटर खोल असा हा खड्डा. लोकांना वाटतं आकाशातून दगड पडून झाला, पण तसं नाही. वरचा टणक थर फुटला, खालचा मऊ वालुकाश्म पाण्याने युगानुयुगे वाहून नेला, आणि मधे पोकळी राहिली. मखतेश म्हणजे हिब्रूत खल. आमचे हे म्हणाले, "आपल्या आईच्या मसाल्याच्या खलासारखाच आहे, फक्त बत्ता नाही."

वळणं उतरताना मुलगा गाडी चालवत होता आणि हे शेजारी बसून पाय दाबत होते, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे. कुठल्या वळणावर थंडीत दव गोठायचं, कुठे रानबकऱ्या आडव्या यायच्या, सगळं सांगत होते. आणि खरंच, एका वळणावर मोठ्या शिंगांची यएल उभी होती. त्यांनी हात केला.

तळावर पोचल्यावर आधी काम. जनरेटर गाडीतून एकट्या नातवाने उचलला. सपाट जागेवर ठेवला, कारण तिरका ठेवला तर ऑइलची पातळी चुकीची दिसते, आणि ऑइल कमी वाटलं की यंत्र स्वतःच बंद पडतं. झाकण उघडून ऑइल बघितलं, मगच दोरी. दुसऱ्या ओढीला सुरू. धुराचं तोंड वाऱ्याच्या दिशेने, माणसांपासून लांब. अडीच तासांत बॅटरी भरली. तोवर आम्ही मिनसारा बघून आलो. मिनसारा म्हणजे सुताराचा कारखाना. टेकडीवर दगडांचे तुकडे असे पडलेत की कोणी लाकडाचे चौकोनी दांडके रचून ठेवलेत असं वाटावं. जमिनीतल्या उष्णतेने वाळूचा दगड भाजून असा झाला म्हणतात.

संध्याकाळी पाचवी मेणबत्ती. वारा इतका की दोनदा विझल्या. शेवटी सुनेने भाताचं मोठं पातेलं आडवं धरलं आणि त्याच्या आडोशाला पाचही पेटल्या. मुलं गायली. मग सगळे दिवे बंद केले. अमावास्या उद्यावर आलेली, चंद्र नाही. २०१७ मध्ये मखतेश रामोनला अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, मध्यपूर्वेतलं पहिलं. ते का, हे त्या रात्री कळलं. लहानपणी अलिबागच्या किनाऱ्यावर बघितलेलं आकाश पन्नास वर्षांनी परत दिसलं. नातू म्हणाला, "सफ्ता, इतके तारे नेहमीच असतात?" म्हटलं, "असतात रे, आपणच दिवे लावून ठेवलेत."

रात्री तंबूत यंत्राचा बारीक फूस-फूस आवाज, दुसरं काही नाही. यांना गाढ झोप लागली. आम्हा दोघांपैकी एक मात्र सवयीने तीनदा उठून बॅटरीचा आकडा बघून आली. सकाळी छत्तीस टक्के शिल्लक. हे तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले. वरच्या वळणांवरून पहिली बस उतरत होती. तिचे दिवे खाली येईपर्यंत बघत राहिले. काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

आता दुसऱ्या रात्रीचं सांगतो.

सोमवारी दुपारी शेजारी एक तरुण जोडपं आलं, चार वर्षांचा मुलगा आणि कडेवर बाळ. संध्याकाळी थंडी वाढली. आठच्या सुमारास ती मुलगी आमच्याकडे आली. कोणीतरी सांगितलं होतं की इथे एक नर्स आहे. म्हणाली, "डोकेदुखीची गोळी आहे का?"

गोळी द्यायला हात पिशवीत गेला, पण जुनी सवय, विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"तासाभरापासून. नवऱ्याचंही दुखतंय. मोठ्याला दोनदा उलटी झाली. थंडी बाधली असेल."

"ताप?"

"नाही."

"आणि बाळ?"

"बाळ शांत झोपलंय. आज दूधसुद्धा मागितलं नाही."

तापाशिवाय सगळ्या घराचं डोकं एकाच वेळी दुखतं, हे ऐकल्यावर गोळी पिशवीतच राहिली. आम्ही धावलोच, म्हणजे या वयात धावता येईल तेवढं. तंबूच्या मागे, कापडापासून दोन हातांवर, जनरेटर चालू होता. राखणदाराला आवाज जाऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनी फळ्या आणि गोधड्या लावलेल्या. धुराला वाट एकच राहिली होती, तंबूची. आत विजेचा हीटर, दारं घट्ट बंद.

मुलाने जनरेटर बंद केला. आम्ही बाळाला उचलून वाऱ्यात आणलं, नातवाने चार वर्षांच्या पोराला. बाप उठताना अडखळला. १०१ ला फोन केला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड, चार माणसं, त्यात एक बाळ. बाप म्हणत होता, "एवढं काय? बघा." आमच्याकडचं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्याने लावून दाखवलं. ९८.

इथे प्रत्येकाने लक्ष द्यावं. ते ९८ खोटं असतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो, आणि बोटाचं साधं यंत्र त्या दोघांतला फरक ओळखत नाही. आकडा छान दाखवतं आणि माणूस आतून गुदमरत असतो. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप, एवढंच. आणि झोप आली की माणूस बाहेर पडत नाही. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच. दवाखान्यात हिवाळ्यात कोळशाची शेगडी बंद खोलीत लावलेली कुटुंबं आम्ही पाहिली होती. त्यातली सगळीच घरी परत गेली नाहीत.

अँब्युलन्स आली, चौघांना मास्क लावून बेर शेवाला नेलं. जाताना बाळ रडायला लागलं. इतका गोड आवाज आम्ही बरेच दिवसांत ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. रक्तात प्रमाण बरंच वाढलं होतं, पण चौघेही ठीक, संध्याकाळी घरी सोडणार. ती रडत होती. आम्ही तिला रागावलो नाही. आम्हीही किन्नेरेतला तो ऐंशी किलोचा राक्षस तंबूपासून किती अंतरावर ठेवला होता, ते त्या रात्री दोघांनाही आठवत होतं. फक्त वारा उलट्या दिशेने होता, म्हणून आज लिहायला बसलो आहोत.

म्हणून ठळकपणे सांगतो. जनरेटर घरापासून किंवा तंबूपासून निदान सहा मीटर लांब, उघड्यावर. मिरपेसेतवर नाही, जिन्याखाली नाही, गॅरेजचं दार उघडं ठेवूनही नाही, आणि ममादमध्ये तर कधीच नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो झोपण्याच्या जागी लावा. पेट्रोल भरायचं ते यंत्र बंद करून, गार झाल्यावर. पाऊस असेल तर त्याच्यावर आडोसा हवा, पण बाजू मोकळ्या. आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमधून घरात वीज सोडण्याचं धाडस कोणी करू नये. ती वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत जाते आणि खांबावर चढलेला कामगार मरतो. अख्ख्या घराला जोडायचं असेल तर परवान्याचा हश्मलाय बोलवा. नाहीतर आमच्यासारखी एक जाड, बाहेर वापरायची वायर, थेट उपकरणापर्यंत.

सहलीहून आल्यावर आम्ही फ्रिजवर एक कागद लावला, वॉर्डातल्या वहीसारखा. नवीन यंत्राचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदललं. पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. हवेच्या गाळणीचा स्पंज वाळवंटाहून आल्यावर साबणाच्या पाण्यात धुतला, सुकवला, दोन थेंब ऑइल लावून पिळून बसवला. तेव्हा त्यातून निघालेली मखतेशची लाल माती अजून आठवते. प्लग वर्षातून एकदा काढून बघायचा. पेट्रोल महिना-दोन महिन्यांहून जास्त टाकीत ठेवायचं नाही. ठेवायचं असेल तर ते टिकवणारं औषध घालायचं, आणि बरेच दिवस लागणार नसेल तर टाकी रिकामी करून, कार्बुरेटरमधलं संपेपर्यंत चालवून मग ठेवायचं. आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भार देऊन चालवायचं. भार कसला? इस्त्रीचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या घरची इस्त्री अंगणात होते. शेजारणीला आधी वाटलं आम्हाला म्हातारचळ लागला. मग सही. वहीत दोघांचीही, आळीपाळीने.

जून २०२५ मध्ये बेर शेवाने काय पाहिलं ते सांगायला नको. त्या रात्री आम्ही ममादमध्येच झोपायचो, बॅटरी पायाशी. एका संध्याकाळी आमच्या गल्लीची वीज गेली, ती सात तास आली नाही. भोंगे थांबले तसा मुलगा अंगणात गेला. दोरी दुसऱ्या ओढीला लागली. बॅटरी भरली, फ्रिज चालला, आणि शेजारच्या पडद्याआडच्या आजीबाईंचं ऑक्सिजनचं यंत्र आमच्या वायरीवर दोन तास चाललं. ती शेजारीण आता इस्त्रीच्या रविवारी स्वतःचे कपडे घेऊन येते.

नातू सैन्यात आहे. सुट्टीवर आला की विचारतो, "सबा, पुन्हा कधी?" हे म्हणतात, "आधी ऑइल बदल, मग बघू."

तेव्हा वाचकहो, कुठला घ्यावा याचं उत्तर असं. लागेल तेवढाच घ्या, लांब ठेवा, आणि महिन्यातून एकदा दोरी ओढा.